न्यायाधीशाला लिहिता येईल असं बोला: ट्रायल कोर्टात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

सेशन्स कोर्टातला माझा पहिला उलटतपास. साक्षीदाराने सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाला उत्तर देताना, सांगितलं होतं, "मी टॉर्चच्या उजेडात आरोपीला ओळखलं." पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात टॉर्चचा शब्दही नव्हता. सीनिअरांनी आदल्या रात्री जबाबाच्या समासात लाल पेन्सिलीने 'टॉर्च नाही' एवढंच लिहून दिलं होतं. आणि मी उठून विचारलं, "टॉर्च तुमच्याकडे आली कुठून?" तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं रात्रीची लाइट असते. दारं धरायला जाताना टॉर्च बरोबर घ्यावीच लागते." म्हणजे पंपाला वीज रात्री येते आणि शेताला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं.

साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, ते वाक्य टाइप करून घेतलं. दोषारोपपत्रात कुठेच नसलेली टॉर्च माझ्या प्रश्नामुळे पुराव्यात भक्कम झाली, तीही पटेल अशा कारणासकट. सीनिअर रागावले नाहीत. बाहेर व्हरांड्यात एवढंच म्हणाले, "आता ही टॉर्च निकालपत्रात येणार." आली.

त्याला २२ वर्षं झाली. जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजू लढवताना जे कळत गेलं आणि ज्युनिअर म्हणून येणाऱ्या मुलामुलींना जे मी सांगते, ते इथे क्रमाने लिहितेय.

आधी हे समजून घ्या: पटवायचंय कुणाला?

परदेशी मालिका पाहून आलेल्या मुलांच्या डोक्यात कोर्ट म्हणजे बाकावर बसलेली ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) आणि तिच्याकडे तोंड करून भाषण करणारा वकील असतो. आपल्याकडेही ज्युरी होती. तिच्यासमोरचा सर्वांत मोठा मराठी प्रसंग १९०८ सालचा. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी, आणि ज्युरीपुढे होतं त्यांचं इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतःच्या बचावासाठी २१ तासांहून जास्त बोलले आणि मूळ मराठी शब्दाचा अर्थ एक असताना सरकारी भाषांतरात दुसराच कसा केला आहे, हे दाखवत राहिले. निकाल लागला सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले.

१९५९ साली नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या सेशन्स कोर्टातल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटलं. सेशन्स जज मेहता यांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. नानावटीमुळे ज्युरी गेली असं सर्रास सांगितलं जातं, पण विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिचा शेवट झाला. पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशांबरोबर बसणारे पाच डेलिगेट ही तिची आज उरलेली खूण.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. ज्युरीला 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढंच म्हणायचं असे, कारण द्यावं लागत नसे. न्यायाधीशाला ते द्यावं लागतं. निकालपत्रात मुद्दे मांडायचे, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष लिहायचा आणि त्याखाली कारणं लिहायची, हे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. शिवाय साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहणारा न्यायाधीशच निकाल देईल याची खात्री नाही. उन्हाळ्यात बदल्या होतात, नवे साहेब येतात आणि आधीच्यांनी नोंदवलेल्या पुराव्यावर पुढे चालतात. कायदा तशी मुभा देतो. साक्षीदार घाम पुसत होता, सरकारी वकिलाकडे बघत होता, हे त्या नव्या न्यायाधीशाला कधीच कळत नाही. त्याच्यासमोर असतात टाइप केलेली पानं.

म्हणून ट्रायल कोर्टात तुम्ही एका वाचकासाठी काम करत असता. त्याला तुमच्या बाजूने निकाल द्यायची इच्छा झाली तरी कारण म्हणून लिहायला एखादं वाक्य आणि त्यापुढे निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक, लागतो. ते वाक्य त्याला मिळवून देणं, हे तुमचं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: सनद (वकिलीचा परवाना)

यात फार वेळ घालवू नका. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. ३० जुलै २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की नोंदणी शुल्क खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची. ती अवघड नाही, पण पुढे ढकलू नका.

दुसरी पायरी: सीनिअर निवडणं

इथे मुलं नाव बघतात. मी सांगेन, बोर्ड बघा, म्हणजे त्यांच्या रोजच्या केसेसची यादी. ज्यांच्या बोर्डावर आठवड्याला निदान दोन-तीन साक्षीपुराव्याच्या केसेस आहेत, अशा वकिलांकडे जा. जामीन आणि अटकपूर्व जामिनावरच चालणाऱ्या ऑफिसात तुम्ही अर्ज लिहायला उत्तम शिकाल, पण पाच वर्षांनीही साक्षीदारासमोर पाय लटपटतील. मोठ्या शहरापेक्षा तालुक्याच्या किंवा छोट्या जिल्ह्याच्या कोर्टात उलटतपास लवकर हाती येतो, हे मी आजूबाजूच्या अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

पैशाचं आधीच बोलून घ्या, यात संकोच नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्ती नाही आणि मला दिसणाऱ्या कोर्टांत फार थोडे सीनिअर ती पाळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण घरून पाठबळ नसलेली हुशार मुलं, विशेषतः मुली, याच दोन वर्षांत गळतात. माझ्या बरोबरीच्या वकिलांना माझी विनंती आहे की ज्युनिअरचं प्रवासभाडं आणि जेवण सुटेल एवढं तरी पहिल्या महिन्यापासून द्या.

तिसरी पायरी: पहिलं वर्ष बाकावर

सकाळी साडेदहाला कोर्टात हजर. स्वतःच्या केसला पुकारा नसला तरी साक्षीपुरावा चालू असलेल्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. वहीचे दोन भाग करा. डावीकडे वकिलाने विचारलेला प्रश्न, उजवीकडे साहेबांनी टाइप करून घेतलेलं उत्तर. महिनाभरात तुमच्या लक्षात येईल की डावीकडचे दहा प्रश्न उजवीकडे दोन ओळी होतात. कुठले प्रश्न जिरून गेले आणि कुठले उतरले, हे बघणं म्हणजेच उलटतपास शिकणं.

कोर्टाचा कर्मचारीवर्ग हे तुमचं दुसरं लॉ कॉलेज. रोजनामा (केसच्या रोजच्या कामकाजाची नोंद) कसा वाचायचा, नक्कल अर्जाला किती दिवस लागतात, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) कधी द्यायची, मुद्देमाल बघायची परवानगी कशी घ्यायची, हे शिरस्तेदार आणि बेंच क्लार्क सांगतील, तेही मान राखून विचारलं तरच. त्यांना नावाने हाक मारू नका, 'भाऊसाहेब', 'मॅडम' म्हणा. आणि प्रत्येक केसचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरचा केसचा ओळख क्रमांक) डायरीत लिहून ठेवा. चुकलेली एक तारीख म्हणजे तुमच्या पक्षकाराविरुद्ध निघालेलं वॉरंट असू शकतं.

कायद्याचं पुस्तक आता दुहेरी ठेवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते आणि प्रलंबित खटल्यांत जुनी प्रक्रिया चालू आहे. जबाबाचं जुनं कलम १६१ आता १८०, त्याच्या वापरावरचं १६२ आता १८१, आरोपीच्या जबाबाचं ३१३ आता ३५१. साक्ष अधिनियमात लेखी जबाबावरून उलटतपासाचं १४५ आता १४८. अशी जुनी-नवी पन्नास-साठ कलमं एका पुठ्ठ्यावर हाताने लिहून काढा. छापील तक्ता मिळतो, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं.

चौथी पायरी: दोषारोपपत्र तीनदा वाचणं

पहिल्यांदा गोष्टीसारखं सलग वाचा, पेन हातात घेऊ नका. दुसऱ्यांदा घड्याळ घेऊन वाचा. घटना किती वाजता, फिर्याद किती वाजता, पोलीस ठाणं किती लांब, घटनास्थळ पंचनामा किती ते किती, शवविच्छेदन कधी, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब कुठल्या तारखेला. सगळं एका कागदावर उतरवा. रात्री साडेनऊच्या घटनेची फिर्याद दुसऱ्या दिवशी दुपारी आणि प्रत्यक्षदर्शीचा जबाब चौथ्या दिवशी घेतला असेल, तर तो कागदच तुम्हाला पहिला प्रश्न देतो.

तिसऱ्यांदा काय नाही ते शोधत वाचा. हे सर्वांत कठीण, कारण लिहिलेलं दिसतं आणि न लिहिलेलं दिसत नाही. रात्रीची घटना आहे, मग घटनास्थळ पंचनाम्यात विजेच्या खांबाचा उल्लेख आहे का? रक्ताचे कपडे जप्त केले, पण पाकिटावर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती का? मुद्देमाल प्रयोगशाळेत कुठल्या दिवशी गेला आणि तोवर ठाण्यात कुणाच्या ताब्यात होता? सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) हातात आला की मुलं आधी रक्तगट बघतात. आधी सीलचा शेरा बघा.

आरोपीच्या निवेदनावरून हत्यार काढल्याचा पंचनामा असेल तर तो वेगळा काढून ठेवा. जुनं कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. पंच आरोपीच्या गावचे की ठाण्याच्या शेजारचे, गाडी कुणाची, निघाल्याची वेळ, जागा उघड्यावर होती की बंदिस्त, हे सगळं तिथे सापडतं. नव्या संहितेत झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचं आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. चित्रीकरण आहे का, असलं तर पंचनाम्यातल्या वेळेशी जुळतं का, हे बघायची सवय आत्ताच लावून घ्या. मोबाइलमधला पुरावा असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र शोधा. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब खालचं हेच प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं निर्विवाद केलं. तो निकाल पूर्ण वाचा.

मग घटनास्थळी जा. त्याच वेळेला, जमल्यास त्याच तिथीच्या आसपास. मी एकदा नकाशावर 'घरासमोर' लिहिलेली जागा पाहायला गेले, तर घराच्या आणि त्या जागेच्या मध्ये गोठा होता. ओट्यावर उभं राहून काहीच दिसत नव्हतं. हे कुठल्याही कागदात नव्हतं. त्या साक्षीदाराला मी फक्त तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही गोठ्याबद्दल होते.

पाचवी पायरी: उलटतपास

माझ्या टॉर्चकडे परत येऊ. मी काय विचारायला हवं होतं?

"घटनेबद्दल पोलिसांनी तुमचा जबाब लिहून घेतला होता?" हो. "तो तुम्हाला वाचून दाखवला होता?" हो. "टॉर्चच्या उजेडात आरोपीला ओळखलं असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?" सांगितलं होतं. "तसं जबाबात लिहिलेलं नाही, त्याचं काही कारण सांगता येईल का?" यावर बहुतेक साक्षीदारांचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते कोर्टाच्या भाषेत असं उतरतं: 'माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' इथे थांबायचं. टॉर्च कुठली, किती सेलची, कुणी विकत घेतली, काही विचारायचं नाही.

पण काम अर्धंच झालंय. नवे वकील इथे हमखास चुकतात. तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारायलाच हवं, की त्या साक्षीदाराने तुमच्यासमोर टॉर्चबद्दल सांगितलं नव्हतं, हे खरं आहे का? तो 'खरे आहे' म्हणाला की ओमिशन, म्हणजे जबाबातलं वगळणं, शाबीत झालं. साक्षीदाराला विचारलं आणि अंमलदाराला विचारायचं राहिलं, तर युक्तिवादाच्या दिवशी हातात काही उरत नाही. म्हणून प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासानंतर त्याच संध्याकाळी 'आयओला (तपासी अंमलदाराला) विचारायचे' या मथळ्याखाली यादी वाढवत न्या.

साक्षीदाराने जबाबात एक सांगितलं आणि कोर्टात उलटं, तर ते कॉन्ट्राडिक्शन. तिथे जबाबातला नेमका मजकूर वाचून दाखवावा लागतो, त्याला 'पोर्शन मार्क ए' अशी खूण करून घ्यावी लागते आणि अंमलदाराकडून तो शाबीत करून घ्यावा लागतो. कुठलं वगळणं विसंगतीइतकं गंभीर मानायचं, याचा मूळ निकाल १९५९ चा, तहसीलदार सिंग नावाच्या आरोपीच्या खटल्यातला. त्या खटल्यातही वादाचा एक प्रश्न होता तो जबाबात गॅसबत्तीचा उल्लेख नसल्याचा. उजेडाचा मुद्दा आपल्या फौजदारी कोर्टात इतका जुना आहे. प्रत्येक बारीकसारीक फरक ओमिशन म्हणून मांडू नका. शर्टाचा रंग आणि वाराची जागा यांचं वजन सारखं नसतं. वीस क्षुल्लक ओमिशन घेतलीत तर साहेबांच्या नजरेतून खरं महत्त्वाचं असलेलंही सुटून जाईल.

आता सूचनांबद्दल, म्हणजे आपल्या बाजूचं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवून 'हे खरं ना?' असं विचारण्याबद्दल. मराठी जबाबाच्या शेवटी ठरलेला परिच्छेद असतो: 'हे म्हणणे खरे नाही की, घटना घडली तेव्हा मी तेथे नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' बचावाची बाजू साक्षीदारापुढे ठेवावी लागते, म्हणून हे लागतंच. पण नाकारलेली सूचना हा पुरावा नव्हे, आणि चुकीची सूचना उलटते. आरोपी तिथे नव्हताच हा तुमचा बचाव असेल आणि तुम्ही भरात विचारलंत, "आधी तुम्हीच आरोपीच्या अंगावर धावून गेलात ना?", तर तुम्हीच त्याला तिथे नेऊन उभं केलंत. २०२३ साली बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उलटतपासातल्या सूचना आणि त्यांची उत्तरं बचावाविरुद्ध विचारात घेता येतात. त्यामुळे सूचना आदल्या रात्री लिहून काढा, सीनिअरांना दाखवा आणि कोर्टात त्याच वाचा.

तुमचं लक्ष साक्षीदारापेक्षा स्टेनोच्या पडद्यावर जास्त हवं. साहेब प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य सांगतात. त्यात साक्षीदाराचा 'बहुतेक' किंवा 'अंदाजे' गळाला, तर तिथल्या तिथे उभं राहून नम्रपणे सांगा, "साहेब, साक्षीदार 'बहुतेक' म्हणाला, तेवढा शब्द यावा." महत्त्वाच्या जागी प्रश्नोत्तर स्वरूपात नोंद घ्यावी अशी विनंती करा. तो अधिकार साहेबांचा आहे, पण विनंती करणं तुमचं काम आहे. मराठी जबाब आणि साहेबांचं इंग्रजी टिपण, दोन्ही त्याच दिवशी ताडून बघा. 'ढकललं' आणि 'धक्का लागला' यांचं इंग्रजी एकच झालं तर आरोपीचं आयुष्य बदलू शकतं. टिळक ज्या गोष्टीसाठी तासन्‌तास झगडले, ती आजही रोज घडते. आणि तुम्हाला मराठी येतं, ही या कोर्टातली तुमची मोठी ताकद आहे. 'तो मला आडवा आला' याचा बोलीतला अर्थ पुण्याहून आलेल्या साहेबांना कळेलच असं नाही. साक्षीदाराकडूनच तो उलगडून घ्या.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात उलटतपास घेताना एक रेघ पक्की ठेवा. पीडितेच्या चारित्र्याबद्दल आणि पूर्वीच्या संबंधांबद्दल प्रश्न विचारायला कायद्यानेच मनाई आहे. ही मनाई आपोआप आली नाही. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपी पोलिसांना सोडलं, देशभर महिला रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलू लागला. तुमचा पक्षकार निर्दोष असेल तर वेळ, जागा, वैद्यकीय अहवाल, फोनच्या नोंदी यांवर लढा. मी अशा केसेस बचावाच्या बाजूने लढले आहे आणि साक्ष देणाऱ्या बाईला खाली मान घालायला न लावता जिंकलेही आहे.

सहावी पायरी: दुसऱ्या बाजूने उभं राहिलात तर

सरकारी वकिलाचं काम वेगळं अवघड असतं. सरतपासात सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर सुचवणारा प्रश्न, चालत नाही, साक्षीदाराला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावं लागतं. त्यासाठी साक्षीदाराला आधी भेटा, कोर्ट कसं दिसतं, कोण कुठे बसतं, उत्तर कुणाकडे बघून द्यायचं, हे समजावून सांगा. काय बोलायचं ते शिकवू नका, पढवलेली साक्ष पहिल्या उलट प्रश्नाला कोसळते. पंच फितूर झाला तर हताश होऊ नका. त्याला फितूर घोषित करून उलटतपास घ्या, पंचनाम्यावरची त्याची सही शाबीत करा. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग वापरता येतो.

सातवी पायरी: आरोपीचा जबाब

पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीला एकेक परिस्थिती सांगून त्याचं म्हणणं विचारतं. बहुतेक वकील आरोपीच्या कानात सांगतात, सगळ्याला 'खोटे आहे' म्हण. याचा मला फार राग येतो. कारण आरोपीला कोर्टाशी थेट बोलायची ही हक्काची वेळ असते. त्याच्याकडे खरं स्पष्टीकरण असेल, म्हणजे कपड्यांवरचं रक्त जखमीला उचलताना लागलेलं असेल, तर ते इथे यायला हवं, लेखी निवेदनासह. उलटतपासात तीच बाजू ठेवलेली असेल तर तिचं वजन वाढतं. प्रश्न आधी मिळवा, आरोपीला तुरुंगात भेटून त्याच्या भाषेत समजावा.

आठवी पायरी: युक्तिवाद

आवाज चढवू नका. टिपण असं करा: मुद्दा, साक्षीदार क्रमांक, परिच्छेद क्रमांक, निशाणी, आणि खाली एक ओळ. 'सा.क्र. ३ ने अंधार असल्याचे परि. ७ मध्ये मान्य केले. पंचनामा नि. १४ मध्ये उजेडाचे साधन नाही.' अशा आठ-दहा ओळी म्हणजे युक्तिवाद. निकालांचा ढीग देऊ नका. दोन द्या, पण संबंधित परिच्छेदाला खूण करून.

केवळ परिस्थितीजन्य पुराव्याची केस असेल तर १९८४ च्या शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातली पाच तत्त्वं तुमच्या जिभेवर हवीत. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली असावी, ती दोषाकडेच बोट दाखवणारी असावी, साखळी अशी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी जागा उरू नये. त्यातच १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यातला फरक येतो: आरोपी दोषी 'असू शकेल' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांत फार अंतर आहे. हे तत्त्व नुसतं वाचून दाखवू नका. साखळीतल्या कड्या कागदावर काढा आणि तुटलेली कडी कोणत्या निशाणीवर आहे ते दाखवा.

तुमच्या बाजूचा सर्वांत कच्चा मुद्दा स्वतःच काढा. साहेबांच्या मनात तो आलेलाच असतो. तुम्ही टाळलात की बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास कमी होतो. 'हा वकील खोटा संदर्भ देत नाही' ही ओळख बांधायला दहा वर्षं लागतात, आणि ती एका दुपारी जाऊ शकते.

पोटापाण्याचं आणि नावाचं

स्वतःचं काम कुठून येईल? सुरुवातीला विधी सेवा प्राधिकरणाकडून. २०२२ पासून नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) लीगल एड डिफेन्स कौन्सेल योजना आहे. तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ मानधनावर वकील घेतात आणि सहायक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेलेही चालतात. गरीब आरोपीच्या सेशन्स केसेस तरुण वयात हाती येतात, याहून चांगली शाळा मला माहीत नाही. सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती एमपीएससीमार्फत होते. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, म्हणजे ही वर्षं वाया जाणार नाहीत.

फी टप्प्यांत घ्या: वकीलपत्र दाखल करताना, दोषारोप ठेवल्यावर, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाआधी. निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जाहिरात करून काम मिळवणंही बसत नाही, त्यामुळे कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या रील्स बंद ठेवा. ठाण्याच्या दारात उभ्या असणाऱ्या दलालाला एकदा टक्का दिलात की तुमचे पक्षकार त्याचे होतात.

पक्षकाराने खासगीत गुन्हा कबूल केला तर? मुलं हे घाबरत विचारतात. त्याचं बोलणं तुमच्यापाशीच राहतं. तुम्ही पुराव्याची कसोटी घेऊ शकता, सरकारने संशयापलीकडे शाबीत करावं अशी मागणी करू शकता. पण खोटा साक्षीदार उभा करू शकत नाही आणि जे खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, ते कोर्टाला स्वतः सांगू शकत नाही. सरकारी साक्षीदाराला 'समजवायला' कुणी जायचं म्हणालं, तर त्याच क्षणी फाइल परत करा.

निकाल लागला की सुटका असो वा शिक्षा, नक्कल मिळवा. शिक्षा झाली असेल तर मुदतीकडे लक्ष: सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला साधारण ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३०. मग एका शांत संध्याकाळी आपला उलटतपास शेजारी ठेवून ते निकालपत्र वाचा. साहेबांनी तुमची कुठली वाक्यं उचलली त्यांवर हिरवी खूण करा, जी विचारूनही कुठे आली नाहीत त्यांवर निळी, आणि तुमच्याच प्रश्नाने समोरच्या बाजूला मिळालेल्या वाक्यांवर लाल. माझ्या पहिल्या सेशन्स केसच्या नकलेत परिच्छेद २३ लाल आहे. ती फाइल मी अजून टेबलाच्या वरच्या खणात ठेवते आणि नवा ज्युनिअर आला की पहिल्या दिवशी तीच वाचायला देते.